चामोर्शीवालीचं नाव

माझ्या सुटकेसच्या झाकणाला आतून एक यादी चिकटवलेली असते. निघताना प्रत्येक वस्तूपुढे एक खूण करायची आणि परतताना दुसरी, अशी माझी पद्धत आहे. घरातले या यादीची थट्टा करतात आणि प्रवासात टॉवेल विसरले की माझा मागतात. चंद्रपूरला निघताना यादीत मच्छरदाणी, हिवतापाच्या गोळ्या, विजेरी आणि कोऱ्या कार्डांचा पत्र्याचा डबा अशी भर पडली. परत आले तेव्हा काहीही हरवलं नव्हतं. एक वस्तू मात्र जास्तीची आली होती आणि ती यादीत कुठं लिहायची, हे माझं अजून ठरलेलं नाही.

आधी कार्डांविषयी सांगते. पुण्यातल्या एका संस्थेत मी सूचिकार आहे. तिथं महाराष्ट्रातल्या माणसांच्या नावांचा कोश करायचं ठरलं. जिल्हे वाटून देण्याच्या बैठकीला मी रजेवर होते, त्यामुळे चंद्रपूर आणि त्यातून नुकताच वेगळा झालेला गडचिरोली माझ्या वाट्याला आले. सहकाऱ्यांनी मला वाघांविषयी बरंच काही ऐकवलं. वाघ मला दिसला नाही. त्याला मी दिसले असेन, तर त्यानं तशी नोंद कुठं केलेली नाही.

कार्डावर पाच रकाने होते: नाव, अर्थ, ठेवण्याचं कारण, कोणी ठेवलं, शेरा. रकाने मी आखले होते. या पाचांत बसणार नाही असं नाव महाराष्ट्रात सापडायचं नाही, असं मी साहेबांना ठासून सांगितलं होतं.

करंजटोला

सावलीपासून आत, तलावाच्या काठाला करंजटोला आहे. आमच्या एका सहकाऱ्याचे मामा, भाऊराव रामटेके, तिथं शेती करतात. त्यांच्याकडे माझी सोय झाली. धान निघून गेलं होतं. बांध्यांत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या खाचरांत, कापलेल्या धसांमधून लाखोळी हिरवीगार वर आली होती. पुण्याजवळ भाताची खाचरं मी पाहिली आहेत, पण ती डोंगराला बिलगून कशीबशी उभी असतात. इथं ती पायरीपायरीनं उतरत थेट जंगलापर्यंत जातात, आणि पुढं मोह नि साग सुरू होतात.

जेवायला लाखोळीची डाळ, जवसाची चटणी आणि भात. भात इतका वाढला की मी ताटावर हात आडवा धरला. भाऊरावांच्या पत्नीनं हाताच्या कडेनं वाढला. "एवढ्याशा भातानं काय होते बाई? तुमी का चिमनी हा?"

दुपारी छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, बायका जमल्या. पुण्याची बाई नावं लिहायला आली आहे, ही बातमी माझ्या आधी पोचली होती. मी डबा उघडला, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिलीला विचारलं, "नाव?"

"गडचिरोलीवाली."

"गाव नाही, नाव."

"तेच त सांगून राह्यली ना जी. लिवा, गडचिरोलीवाली."

दुसरी सिंदेवाहीवाली निघाली, तिसरी व्याहाडवाली. बाई ज्या गावातून लग्न होऊन आली, ते गाव म्हणजे तिचं नाव. सासू तेच म्हणते, जावा तेच म्हणतात, नवरा तर कसलीच हाक मारत नाही. एकाच गावच्या दोघी आल्या असतील तर थोरली आणि धाकटी. भाऊरावांची पत्नी नागभीडवाली. तिचं कागदावरचं नाव सखुबाई होतं, पण ते तिनं ओशाळून, शेजारणीकडं न पाहता सांगितलं. संध्याकाळी कार्डं अकारविल्हे लावली तेव्हा माझा नावांचा कोश एस.टी.च्या वेळापत्रकासारखा दिसू लागला होता.

तेवढ्यात माझं लक्ष चिंचेखाली बसलेल्या माणसाकडं गेलं. समोर काळा दगड, हातात छिन्नी, आणि तो काहीच करत नव्हता. तो राजन्ना, सिरोंच्याकडचा पाथरवट. त्यानं भाऊरावांना विचारलं, "पेरु?" तेलुगूत पेरु म्हणजे नाव. भाऊरावांनी नकारार्थी मान हलवली. राजन्नानं बिडी पेटवली.

दगडावर वरची ओळ कोरून झाली होती: 'या विहारासाठी जागा देणाऱ्या'. खाली 'यांच्या स्मरणार्थ' होतं. मधली जागा कोरी.

"हे काय?" मी विचारलं.

भाऊराव माझ्याशेजारी उकिडवे बसले. गावातल्या बौद्ध मंडळींनी वर्गणी काढून छोटा विहार बांधला होता. आत पुस्तकांचं एक कपाटही होतं. त्याची जागा भाऊरावांच्या गणू काकांच्या विधवेनं दिलेली. मूलबाळ नाही, रस्त्याला लागून एकच बांधी होती, ती तिनं देऊन टाकली. मागच्या पावसाळ्यात ती गेली.

"मरते टाइमले तिनं माह्या हात धरला," भाऊराव म्हणाले. "म्हनली, भाऊ, दगड लावजो. माह्या नावाचा लावजो. मी म्हनलं, लावतो ना काकू, काऊन नाई लावत? समद्यायसमोर वचन देल्लं. आता दगड आला, अन् दगडवाला इचारते, नाव काय? आमी एकामेकाच्या तोंडाकडे पाहून राह्यलो. अख्ख्या गावात कोनाले तिचं नाव मालूम नाई."

"मग तुम्ही काय म्हणत होता तिला?"

"चामोर्शीवाली. आनखी काय म्हननार?"

"मग तेच कोरा."

भाऊराव माझ्याकडं बघतच राहिले. "ते त आमी म्हनत होतो बाई. तिनं सांगतलं, माह्या नावाचा."

उद्घाटन रविवारी होतं. राजन्नाला सोमवारी दुसरं काम. आणि मी, जिनं सकाळपासून एस.टी.चे थांबे जमवले होते, छाती काढून म्हणाले, "भाऊ, नावं शोधणं हा माझा व्यवसाय आहे. कुठं ना कुठं नोंद असतेच. मी काढून देते."

नागभीडवाली तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "चामोर्शीच्या बाजारात जाऊन इचारा ना. मायरचं मानूस भेटन कोनी."

"तिचा भाऊ मेल्यापासून तिकडचं येनंजानं तुटलं," भाऊराव म्हणाले.

मी नागभीडवालीला समजावून सांगितलं, की माणसाची आठवण कच्ची असते आणि कागद पक्का असतो. सुपातला एक खडा तिनं माझ्या दिशेनं टाकला, पण तो बहुधा सहज पडला असावा.

कचेऱ्या

कोणत्या गावची कचेरी ते सांगत नाही, कारण तिथल्या लोकांनी मला चहा पाजला. जिल्ह्याचे दोन भाग झाल्यापासून दप्तरांचीही वाटणी चालली होती. पहिल्या कचेरीतले कारकून म्हणाले, "ते बस्ते नदीपल्याड गेले." नदीपल्याडच्या कचेरीतले म्हणाले, "ते अजून अलीकडून आले नाहीत." वैनगंगेचा पूल मी एकाच दिवशी इतक्या वेळा ओलांडला, की कंडक्टरनं मला सरकारी पाहुणी समजून खिडकीची जागा दिली. ते बस्ते त्या काळात पुलाच्या मध्यावर कुठंतरी असावेत.

जे मिळालं ते असं. जमिनीच्या कागदावर 'बेवा गणू'. म्हणजे गणूची विधवा. मतदार यादीत 'लक्ष्मीबाई'. मी आनंदानं टाळी वाजवणार होते, पण त्याच पानावर गावातल्या झाडून सगळ्या विधवा लक्ष्मीबाई होत्या. यादी करणाऱ्याला जेवणाची घाई झालेली दिसत होती. मग रेशनकार्डाची नोंद सापडली, तिथं 'सीताबाई'. ही एकटीच सीताबाई होती. हीच खरी, असं मी ठरवलं, कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि विजयी मुद्रेनं करंजटोल्याला परतले.

भाऊरावांनी कार्ड हातात घेतलं, वाचलं आणि डोक्याला हात लावला.

"हे सीताबाई मीच हाय जी!"

"म्हणजे?"

"कार्डवाला सायेब आला तवा काकू वावरात होती. सायेब म्हने, नाव बोला, लवकर बोला. मले काय मालूम? मी सीता म्हनलं. नाव चांगलं हाय म्हनून म्हनलं."

छपरीतल्या बायका पदरात तोंड घालून हसल्या. राजन्नानं चिंचेखालून विचारलं, "पेरु?" मी त्याच्याकडं न बघता आत गेले.

जन्माची नोंद तेवढी उरली होती. पूर्वी गावचा कोतवाल जन्ममृत्यू लिहून ठेवायचा. चामोर्शीचं ते दप्तर नेमकं नदीपल्याड जागेवर होतं, आणि एका सज्जन कारकुनानं दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी ते उतरवून दिलं. भाऊरावांना काकूच्या वडिलांचं नाव ठाऊक होतं, त्यावरून मी सबंध सकाळ धूळ खाल्ली. सापडलंही. वडिलांचं नाव, आणि पुढं एकच शब्द: 'मुलगी'. वर खाली बघितलं. सगळीकडं तेच. मुलगा, मुलगी, मुलगी, मुलगा. कोतवाल लिहायचा तेव्हा बाळाचं बारसं झालेलं नसायचं, आणि कोणाच्या घरी काय झालं एवढंच सरकारला हवं असायचं.

त्या दप्तरापुढं बसून मी शिंकत असताना मला नागभीडवालीचा खडा आठवला.

चामोर्शी

बाजाराच्या दिवशी नागभीडवाली माझ्याबरोबर निघाली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "तुमाले एकटीले सोडलं त तुमी बाजारातबी कपाट धुंडान."

गाडीत तिनं मला बोलतं केलं. मीही आमच्याकडची पद्धत सांगितली. लग्नात नवऱ्यामुलीचं नवं नाव ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहितात, आणि त्या दिवसापासून ते नाव.

"तांदळात?" ती म्हणाली. "मंग त्या तांदळाचं काय करता?"

"काय करणार? भात."

"अन् आधीचं नाव?"

मी म्हणाले, राहतं कागदोपत्री. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "कागदावर!" पुढं गडचिरोली येईपर्यंत ती खिडकीतून सागाची झाडं बघत होती आणि मधूनमधून हसत होती.

चामोर्शीच्या बाजारात वांगी, सुकी मासळी, बांबूची सुपं, जवस आणि माणसं यांची सरमिसळ होती. नागभीडवालीनं कोणाला काय विचारलं कळलं नाही, पण आम्ही लवकरच एका घरापुढं उभ्या होतो. काकूच्या भावाची सून दारात आली.

"आमची आत्यासासू ना? आठवते ना! सावलीवाली!"

"नाव, बाई, नाव काय तिचं?"

"तेच त. सावलीवाली आत्या. सावलीकडे देल्ली होती ना."

सासरी ती माहेरच्या गावाची आणि माहेरी सासरच्या वाटेवरच्या गावाची. दोन्ही गावांनी तिला एकमेकांच्या पत्त्यावर लिहून ठेवलं होतं. मी ओट्यावर बसले. सुनेनं पाणी दिलं आणि म्हणाली, "तुळसाबुढीले इचारा. तिच्याच वयाची होती ते. बाजारात मोहफुलं घेऊन बसते."

तुळसाबाई चादरीवर वाळलेली मोहफुलं मांडून बसली होती. बारीक, ताठ, नाकात चमकी. मी समोर बसले, डबा उघडला, पेन्सिल सरसावली. काकूच्या बापाचं, भावाचं नाव सांगून विचारलं, "त्यांची मुलगी. सावलीकडं दिलेली. तिचं नाव काय होतं?"

"बयना," तुळसाबाई म्हणाली. जणू मी तिला मोहाचा भाव विचारला होता.

मी लिहिलं. बयना. काय आनंद झाला म्हणून सांगू! पुढच्या रकान्याकडं वळत मी विचारलं, "कोणी ठेवलं होतं नाव? काही कारण?"

"आजीनं ठेवलं. काऊन पुसून राह्यली वं? कशी हाय बयना? माह्याकडे आलीच नाई बाप्पा, भाऊ मेला तवापासून."

माझी पेन्सिल 'शेरा' या रकान्यावर होती. नाव मिळवण्याच्या गडबडीत, आपण समोरच्या माणसाला काय सांगायला आलो आहोत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या यादीत ते नव्हतं. नागभीडवालीनं माझ्या हातातलं कार्ड काढून घेतलं, खाली बसली, आणि तुळसाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच सांगितलं.

तुळसाबाईनं मोहफुलांवर फडकं टाकलं. एक गिऱ्हाईक आलं, त्याला म्हणाली, "नाई इकाचं आता." मग आपण होऊन सांगू लागली. "मोहाच्या दिवसांत पहाटे मी जाओ तिच्या दारात. एक आवाज दिला का धावत ये, टोपली डोक्यावर उलटी घालून. आमी दोघी पयल्या. बाकीच्या पोरी येत तवर झाडाखालचं साफ."

"रविवारी येता का करंजटोल्याला?" मी विचारलं. त्या सबंध प्रवासात मी विचारलेला हाच काय तो शहाणा प्रश्न.

"भाडं?"

"मी देते."

"तुहं काऊन घेऊ? बयनाकडे मी माह्या भाड्यानं जाईन."

दगड

राजन्नानं नाव विचारलं आणि या वेळी मला उत्तर देता आलं. त्यानं बिडी विझवली आणि कोरायला बसला. संध्याकाळपर्यंत दगडावर 'बयनाबाई गणू रामटेके' उमटलं. मी चारी बाजूंनी बघितलं. इतकं समाधान मला एखाद्या पुस्तकाची सूची छापून आल्यावरही झालेलं नाही.

रविवारी सकाळी पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका, पांढऱ्या सदऱ्यांतले पुरुष विहारापुढं जमले. पंचशीलाचा झेंडा लागला, त्रिशरण झालं. मग भाऊरावांनी दगडावरचं फडकं काढलं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"हे बयनाबाई कोन जी?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"जागा त चामोर्शीवालीनं देल्ली," दुसरा म्हणाला.

"मंग तिचं नाव कुठी हाय?"

मागून एक बाई शेजारणीच्या कानात बोलली, पण कान माझाही जवळ होता. "पुणेवालीचंच नाव असंल ते. नावासाठी किती धावून राह्यली होती पाह्यलं नाई?"

सगळ्या नजरा माझ्याकडं वळल्या. मी मान हलवून नाही नाही म्हणू लागले. त्यामुळे संशय पक्का झाला असावा. भाऊरावांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना समजावलं. मग ते राजन्नाकडं गेले आणि म्हणाले, "याच्या खाली चामोर्शीवाली लिवा."

"जागा लेदु," राजन्ना म्हणाला. लेदु म्हणजे नाही.

"लेदु नाई चालत. काकू आली अन् तिले आपला दगड ओळखू आला नाई त?"

राजन्नानं दोन ओळींच्या फटीत, बारीक अक्षरात, लोकांच्या देखत 'चामोर्शीवाली' कोरलं. शेवटची 'ली' दगडाच्या कडेवर गेली आणि काहीशी वाकली. सूचिकार म्हणून मला ते बघवत नव्हतं. बाकी सगळ्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटली.

तोवर तुळसाबाई आली होती. पायांवर रस्त्याची धूळ, हातात फडक्यात बांधलेली मोहफुलं. ती पुढं आली. "यातलं बयना कोनतं?" भाऊरावांनी तिचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. तिनं ती अक्षरं हळूहळू चाचपली, मग एक पाऊल मागं सरली, तोंडाशी हात धरला आणि तलावापल्याड जाईल अशा आवाजात हाक मारली.

"बयना वंऽऽ! मोहा पडला वंऽऽ!"

मोह पडायला अजून कितीतरी दिवस होते. कोणी हसलं नाही. त्या गावात बयना इतकी वर्षं नांदली, पण तिचं नाव घेऊन तिला हाक मारलेली तिथं कोणीही कधी ऐकली नव्हती. भाऊराव झेंड्याच्या दोरीची गाठ, जी आधीच पक्की होती, पुन्हा पुन्हा आवळत राहिले.

मग खीर झाली. दुसऱ्यांदा वाढताना नागभीडवालीनं मला विचारलंच नाही.

सावलीचा स्टँड

दुपारी तुळसाबाई आणि मी सावलीच्या स्टँडावर बसलो होतो. तिला गडचिरोलीची गाडी हवी होती, मला चंद्रपूरची.

"तुहं नाव काय वं?" तिनं विचारलं.

"वसुधा."

"हे तांदळातलं ना? नागभीडवालीनं सांगतलं मले. मायरचं पुसून राह्यली मी."

"कुंदा."

"कुंदा," तिनं म्हणून बघितलं. "बरं हाय." आणि फडकं सोडून मूठभर मोहफुलं माझ्या हातावर ठेवली.

गाडीचा पत्ता नव्हता. मी थोडी बाजूला जाऊन बाकावर सुटकेस उघडली आणि यादीवर परतीच्या खुणा करायला घेतल्या. मच्छरदाणी. विजेरी. गोळ्या, न वापरलेल्या. कार्डांचा डबा. टॉवेल दिसेना, म्हणून मी सगळं बाहेर काढत होते. मागं गाडीच्या इंजिनाची घरघर आली, आणि कोणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडत होतं, "कुंदा वंऽऽ! गाडी आली ना वं! कुंदा!"

कोणाची तरी गाडी चुकणार, असं माझ्या मनात आलं. इतकी निर्धास्त बसलेली ही कुंदा आहे तरी कोण, म्हणून मी मान वर केली आणि स्टँडावरच्या बायकांकडं आळीपाळीनं बघू लागले.